दोरी धरायची लाज

कारखान्याच्या शेडमध्ये त्याला सगळे फुंकर म्हणायचे. कारण तोच छाती फुगवून सांगायचा, "लोखंड क्रेनला टांगलं ना, की मी नुसती फुंकर मारली तरी वळतं!" आणि खोटं नव्हतं हो ते. दोन टनांची पोलादी प्लेट साखळीवर वर गेली, की तिचं वजन कुठं जायचं देव जाणे. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगावी तशी तरंगायची, आणि हा पठ्ठ्या एका बोटानं तिला शेडभर फिरवायचा. प्लेटला दोरी बांधून लांबून वळवायची, असा नियम होता. दोरी खुंटीवर असायचीही. पण धरणार कोण? नवखे आणि भित्रे! फुंकर तर मुळीच नाही.

एक दिवस प्लेट खांबाकडे निघाली. क्रेनवाला वरून ओरडला, "अरे, हात काढ!" यानं उलट तळवा पुढे केला, थांबवायला. टांगलेलं लोखंड बोटानं हलतं, थांबत मात्र नाही. उजव्या हाताची तीन बोटं खांबापाशीच राहिली.

तेव्हापासून तो घरी. डोळा लागला की प्लेटा तरंगत यायच्या, आवाज न करता, इतक्या सुंदर की बघत राहावं. मग तो घामाघूम होऊन उठायचा.

अशात लेक बाळाला घेऊन आली. छताच्या कडीला पाळणा टांगला. मायलेकी हातानंच झोके द्यायच्या, पण हा बाबा तिकडे फिरकेना. लेकीच्या जिवाला लागलं. "आई, बाबांना माझं बाळ आवडलं नाही का गं?"

"काहीतरीच काय!" आई म्हणाली. पण कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी आई बाहेर गेलेली, लेक न्हाणीघरात, आणि बाळानं टाहो फोडला. फुंकर धडपडत उठला. पाळण्याकडे हात नेला, मागे घेतला. मग त्यानं कपडे वाळत घालायची दोरी सोडली, डोळे मिटून, दातांनी ओढून पाळण्याला गाठ मारली आणि पार भिंतीपाशी जाऊन बसला.

लेक ओल्या केसांनी धावत आली तेव्हा बाळ शांत झालं होतं. पाळणा तरंगत होता.

"बाबा, इतक्या लांबून?"

"अशीच दोरी तिथंही होती गं," तो म्हणाला. "रोज डोळ्यांसमोर. धरायची लाज वाटायची मला."

लेक त्याला खेटून बसली आणि दोरीवरच्या त्याच्या दोन बोटांवर तिनं आपला हात ठेवला.