टॉवेलचं बाळ

खोडदच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाई गावोगाव बाळं न्हाऊ घालायच्या. तळवे तेलाने मऊ झालेले. मी पुण्याच्या नोकरीवरून घरी निघालो होतो, माहेरी आलेल्या लेकीची सहा दिवसांची मुलगी बघायला. आनंदाने गप्प बसवेना. विचारलं, “तान्हं सांभाळणं सोपं, की चालतं झालेलं?”

“तान्हं, पावणं. ठेवलं तिथं ऱ्हातं. बाप तेवढा ऱ्हात नाय.”

त्या हसल्या. मी कबूल केलं, माझी लेक चालायला लागेपर्यंत भीतीपोटी मी तिला घेतलंच नव्हतं.

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या टॉवेलची बाळासारखी गुंडाळी करून हातात दिली. “मान धरा. लई सोपं हाय.”

खोडदपर्यंत धरून बसलो. घरी हात पुढे केले, तेव्हा लेक क्षणभर बघतच राहिली. मग तिने नात दिली. मान मी बरोबर धरली.