डाव्या हाताची चिठ्ठी

या लिखाणात कोणाचंच नाव येणार नाही. तशी अट आहे. अट कोणी घातली, ते पुढे येईलच.

मी अकोल्यात शिकलो आणि गेली वीसेक वर्षं अमरावतीत एका सरकारी कार्यालयात नोकरी करतो. तिथे माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे. साहेबांच्या आधी, शिपायाच्याही आधी मी पोचतो आणि पिण्याच्या पाण्याचा माठ धुऊन भरून ठेवतो. नव्या लोकांना वाटतं, केवढा सेवाभावी माणूस! जुने म्हणतात, "राहू द्या, त्यायले आवड हाये." आवड नाही. त्यामागे चोरी आहे. पन्नाशीला टेकलोय, आता सांगून टाकतो.

आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला फिशपॉन्ड असायचे. ज्याची फिरकी घ्यायची त्याचं नाव घालून चिठ्ठी लिहायची. खाली आपलं नाव नाही, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहायची डाव्या हाताने. बाईंच्या टेबलावर बुटाचं खोकं, त्याला वरून फट. नियम एकच होता: प्रत्येकाच्या नावाची एक तरी चिठ्ठी वाचली गेलीच पाहिजे. मराठीच्या बाईंनी ते खोकं माझ्या हवाली केलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि तोंड बंद. "वात्रट असतील त्या काढून टाक, बाकीच्या वहीत नीट उतरव," एवढंच त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या खोलीत मी खोकं उघडलं. कोण कोणाबद्दल काय विचार करतं, हे असं एकदम हाती लागणं आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.

अकोटहून एसटीने येणारा एक मित्र होता. वडील जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे याच्या केसांत कापसाचा एखादा पुंजका हमखास. रोज उशीर आणि रोज कारण तेच. त्याच्या नावाच्या सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली उत्तम: "एसटी पंक्चर झाली, या एका वाक्यावर शाळा पूर्ण करणारा पहिला विद्यार्थी." खेळाचा तास पहिला असे त्या दिवशी मात्र एसटीची सगळी चाकं शाबूत असत.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणत, "तू सोडून कोणी सांगेल का?" तिला होतं: "हात खाली घे बाई, पंख्यात जाईल."

मग आमचा डबेवाला. दोन डबे आणायचा. पहिला दुसऱ्या तासालाच बाकाखाली उघडायचा. ज्वारीची भाकर आणि असा ठेचा, की खायचा हा आणि ठसका मागच्या तीन रांगांना. त्याच्या चिठ्ठीत होतं: "याच्या डब्याने वर्षभर आपल्या डोळ्यांत पाणी आणलं. निरोपाला वेगळं रडायची गरज नाही."

हसत हसत मी खोक्याच्या तळाला आलो, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. बावन्न जणांच्या वर्गात माझ्या नावाची चिठ्ठीच नव्हती. आणि एका मुलाच्या नावाची फक्त एक होती.

हा मुलगा तेल्हाऱ्याकडचा. अकोल्यात मामाकडे राहून शिकायचा, खिडकीजवळ बसायचा. तीन वर्षांत त्याचा एकच शब्द वर्गाने ऐकला होता, "हजर." त्याच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "आपल्या वर्गातला माठ कधी रिकामा दिसला का? नळ येवो न येवो, माठ भरलेला असतो. कोण भरतं, कोणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही."

मी ती तीनदा वाचली. त्या माठाचं पाणी मीही तीन वर्षं प्यालो होतो. पहिला विचार आला तो असा: हे पाहिलं कोणी? एवढ्या टवाळांत इतकं बारीक लक्ष असलेलं माणूस कोण? आणि दुसरा विचार: हे माझ्याबद्दल का नाही?

वहीत उतरवताना त्या मजकुरावर मी माझं नाव घातलं.

मग त्याच्यासाठी काहीतरी लिहिणं आलं. लिहिलं: "हा वर्गात आहे, हे फक्त हजेरीच्या वेळी कळतं." दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

समारंभात वही वाचली ती हात वर करणाऱ्या मुलीने. नाव घेतलं की उभं राहायचं आणि ऐकायचं. तेल्हाऱ्याचा उभा राहिला, वर्ग खदखदून हसला, तोही थोडा हसला आणि बसला. पुढे माझं नाव आलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "शाबास." मी खिडकीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर कुठेही नोकरीला गेलो तरी माठ दिसला की मला चैन पडत नसे. खोटं खरं करून दाखवायची ती धडपड असावी. मूळ चिठ्ठी मी फेकली नाही. ती कंपासपेटीतून शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या फायलीत गेली आणि तिथेच राहिली. अपराध बोचत होताच, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून जास्त छळायचं. कोणी लिहिली? माझा संशय हात वर करणाऱ्या मुलीवर होता. ती आता अमरावतीला वकिली करते. एका लग्नात भेटली तेव्हा मी आडून विचारलं, "तुले डाव्या हातानं लिहिता येते का?"

"काहून? उजव्या हाताची फी परवडत नाही का तुले?" ती म्हणाली, आणि तपास तिथेच थांबला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिनेच सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये जमवलं. फिशपॉन्ड याही वेळी ठेवले आणि वाचायचं काम माझ्याकडे दिलं. अकोटवाला आता एसटीच्या डेपोत आहे. तो जेवणं अर्ध्यावर आल्यावर उगवला. सगळे एका सुरात ओरडले, "पंक्चर!" तो हात जोडून म्हणाला, "बाप्पा, आज स्वतःची कार होती. तेच झालं."

तेल्हाऱ्याचाही आला होता. पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करायचं त्याचं दुकान आहे. केस सगळे गेलेले, हसू तेवढंच थोडं. मी त्याला व्हरांड्यात नेलं, जिथे पूर्वी माठ असायचा. तिथे आता फिल्टरचं मशीन आहे.

"तुही एक वस्तू माह्याजवळ हाये," मी म्हणालो आणि चिठ्ठी दिली. काय केलं होतं तेही सांगितलं. घरून पाठ करून गेलो होतो, तरी वाक्यं मागेपुढे झाली.

त्याने चिठ्ठी हात लांब करून वाचली. "सांभाळून ठेवली बे तू?"

"मले फक्त एवढं सांग, काही अंदाज हाये का, कोनं लिहिली असन?"

"मी."

"तू काय?"

"मीच लिहिली. माह्यावर कोनी लिहिनार नव्हतं, मले मालूम होतं. नियम होता ना, एक तरी पायजे."

तेहतीस वर्षं मी ज्या हाताचा शोध घेत होतो, तो समोर चिठ्ठीची घडी घालत होता. तोच पुढे बोलला, "तुह्या नावावर वाचली तं जीव उडाला माहा. वाटलं, आता तू म्हनशीन, हे माहं नाही. मंग सारे विचारतीन, लिहिलं कोनं. तू गप राह्यला, बरंच झालं मले."

मला हलकं वाटलं. फार लवकर हलकं वाटलं, कारण लगेच त्याने विचारलं, "अन् थे हजेरीवालं? थे कोनाचं होतं?"

याची तयारी मी केली नव्हती. एवढी वर्षं मी चोरीचंच ओझं वाहत होतो. ती एक ओळ मी जमेतच धरली नव्हती. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पन्नास जणांवर संशय वाटला गेला असता.

"माहं," मी म्हणालो.

"थे लागलं होतं," तो मशीनकडे पाहत म्हणाला. "घरी जाऊन मामीले विचारलं मी, मी घरात हावो हे तुले समजते का. थे म्हने, समजते ना बाप्पा, पोया जास्त लाटा लागतात."

आधी तो हसला. मग मला हसता आलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी माफी मागितलीही नाही; मागितली असती तर त्याला देणं भाग पडलं असतं.

आतून हाका आल्या. "काय करू?" मी विचारलं.

"वाच. तुहं नाव काढ, माहं टाक. पन लिहिलं कोनं, हे सांगू नोको."

मी व्यासपीठावर गेलो आणि सांगितलं. माठ कोण भरायचं, मी काय केलं, हजेरीची ओळ कोणाची. मग ती चिठ्ठी तिच्या खऱ्या नावाने वाचली. डबेवाल्याने तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आमी तुले फुकटच चांगला समजून राहिलो का बे?"

हशा पिकला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, अपेक्षेप्रमाणे, हात वर गेला. "पण चिठ्ठी लिहिली कोणी होती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या दिवशीचं माझं एकमेव खोटं.

"मी असन बहुतेक," अकोटवाला उभा राहिला. "माह्या लक्षात हाये. मीच त्याले माठ भरताना पाह्यलं होतं."

"तू कवा टायमावर आला बे, तुले माठ भरताना दिसाले?" डबेवाला गरजला, आणि वकीलबाई साक्ष तपासायला उठल्या.

खिडकीजवळ, आपल्या जुन्या बाजूलाच बसलेला तेल्हाऱ्याचा रुमालाने डोळे पुसत हसत होता. मग त्याने हात वर केला. सगळे त्याच्याकडे वळले.

"त्याचीच असन," तो अकोटवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला. "देऊन टाका त्याले."

हे लिहू का, म्हणून मी नंतर त्याला फोन केला. म्हणाला, लिही, पण नाव नको. मी म्हटलं, वर्गातले वाचतील तर ओळखतील की.

"ओयखतीन तं ओयखतीन," तो म्हणाला. "अकोटवाल्याले आधी फोन करून सांगजो, नाही तं बिचारा थे चिठ्ठी आपली म्हनून गावभर सांगून राहिला असन."