साडूभाऊंचा निळा थेंब

माझ्या साडूंइतका त्रासदायक माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा झाला नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी 'देवमाणूस आहे हो' म्हणून मोकळा होत असे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यात एक शब्द उलट बोललो तर पुढे आठवडाभर मलाच अपराधी वाटत राहणार, असा माझा पिंड. पण आता पन्नाशी उलटली. एकदा खरं बोलून टाकतो.

साडू रिफायनरीत मेंटेनन्सला होते. जगातला प्रत्येक बोल्ट सैल होण्यासाठीच जन्माला येतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यावरचा उतारा त्यांच्या शर्टाच्या खिशात असे, एक छोटी बाटली. तिच्यातला निळा थेंब बोल्टच्या आट्यांवर टाकला की तो चोवीस तासांत आत घट्ट होतो, मग कितीही हादरे बसोत, बोल्ट जागचा हलत नाही. हे औषध यंत्रांसाठी, मोटारींसाठी. साडूंनी ते आमच्या झोपाळ्याला लावलं, कुकरच्या दांडीला लावलं, माझ्या चष्म्याच्या स्क्रूलासुद्धा लावलं. पुढे काच फुटली तेव्हा रावपुऱ्यातला चष्मेवाला बराच वेळ झटला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, आखी फ्रेमज बदली नाखो." थेंब टाकून झाला की साडू ताईंच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, नेलपॉलिशने बोल्टपासून शेजारच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ ओढत. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असं समजायचं. ताई म्हणायच्या, लग्न झाल्यापासून माझी नखं कधी रंगली नाहीत, यांची स्कूटर मात्र सवाष्णीसारखी नटलेली.

आणि बडोद्यात जन्म काढून या गृहस्थांना 'चालशे', म्हणजे आपलं 'चालेल', हा शब्द सहन होत नसे. गॅरेजवाला 'चालशे' म्हणाला की उघडी गाडी ढकलत बाहेर. एका लग्नात वाढप्याने मठ्ठ्यातल्या कमी मिठाला 'चालशे' म्हटलं, तर हे भरल्या ताटावरून उठले. समजूत घालायला मला पाठवलं. असल्या कामाला नेहमी मलाच पाठवतात.

त्या सुमारास नव्या नव्या मोटारी बाजारात येत होत्या आणि लोक जुन्या काढून टाकत होते. त्यातली एक पांढरी मी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली मोटार. धुळ्याला दादाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दादा माझा थोरला भाऊ, आणि लहानपणापासून त्याच्या मते मी कशालाच उपयोगी नव्हतो. त्याच्या दारात स्वतःची गाडी उभी करायची, एकदा हॉर्न वाजवायचा आणि काहीही बोलायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी साडू मांजलपूरला आमच्या सोसायटीत 'नुसतं बघायला' आले. चहा होईपर्यंत पुढची दोन्ही चाकं कंपाउंडात आडवी. ब्रेकची तबकडी चिमटीत धरणारा जबडा असतो ना, कॅलिपर, त्याचा एक बोल्ट त्यांनी माझ्यासमोर नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. मला खरा संताप येतो तो इथेच. माणूस चुकला असता तर मी केव्हाच माफ केलं असतं. सगळे बोल्ट पेट्रोलने धुतले, पुसले, थेंब टाकून आवळले, रेघा ओढल्या, चाकं चढवली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

"आता चोवीस तास हलवायची नाही."

"साडूभाऊ, पहाटे धुळ्याला निघायचंय हो."

"धुळं कुठे जात नाही."

आम्ही एस.टी.ने गेलो. दादा फाटकात उभा राहून आमच्या मागे मी पत्रात कळवलेली गाडी शोधत होता. मी 'ब्रेकचं काम निघालं' असं पुटपुटलो, तो हसला. दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, माझी गाडी दारात येऊन थांबली आणि तिच्यातून साडू उतरले. चोवीस तास भरताच एकटे निघाले होते, मी निदान परत तरी गाडीतून जावं म्हणून. दादा म्हणाला, "तुझ्या साडूंची गाडी झकास आहे रे." साडूंना ते ऐकू गेलं नाही, ते चाकामागे वाकून रेघ बघत होते. 'माझी आहे' हे दोन शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. दादा पुढे वारला, तोपर्यंत ती गाडी साडूंचीच समजत होता.

आता साडू बडोद्यातच, नदीपलीकडे अकोट्याला मुलाकडे असतात. गुडघे वाकत नाहीत, हात थरथरतो. ते कंपाउंडात खुर्चीवर बसतात आणि माझ्या गाडीचं काम त्यांच्या देखरेखीखाली मी करतो. गेल्या रविवारी ब्रेकचे पॅड बदलले, बोल्ट धुतले, थेंब टाकला. रेघ मात्र त्यांना स्वतः ओढायची होती. खुर्ची चाकाशी सरकवून त्यांनी ती ओढली. बोल्ट सोडून ती भलतीकडेच गेली. चाक चढवायच्या आधी मी विचारलं, गाडी उद्या न्यायची ना? ते आपल्या रेघेकडे पाहत राहिले.

"न्या आजच," ते म्हणाले. "चालशे."

धुळ्याच्या वेळी आला नव्हता एवढा राग मला त्या क्षणी आला. या माणसाच्या तोंडात हा शब्द? मी ती रेघ पेट्रोलने पुसली, त्यांचा हात माझ्या हातात धरून पुन्हा सरळ ओढली, चाक चढवलं, चावी त्यांच्या खिशात घातली आणि रिक्षा केली. नदी ओलांडताना रिक्षाचा ब्रेक करकरत होता. मी विचारलं, तसा रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "चालशे, साहेब."

"नहीं चाले," मी म्हणालो, आणि पुलाच्या टोकाला उतरून पायी घरी आलो.