एप्रिलची छाटणी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. इटलीच्या आठवणी कुणी विचारल्या, की मी गेवराईच्या एसटी स्टँडपासून सुरुवात करायचो आणि मधला एक दिवस गाळून पुढं जायचो. ऐकणाऱ्यांना कळायचं नाही; मला कळायचं. आता वय झालं. माझ्या गावी, चकलांब्यात मागं राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं मुलूख सोडून गेलेल्यांनीही हे एकदा नीट ऐकावं.

त्या दिवशी स्टँडवर आम्ही दोघं होतो, मी आणि तलवाड्याचा माणिक. बहात्तरच्या दुष्काळात एकाच रस्त्याच्या कामावर आम्ही खडी फोडली, तेव्हापासूनची दोस्ती. पुढं बरोबरच ऊसतोडीला गेलो आणि एका वर्षी टोळी सोडून नाशिककडच्या द्राक्षबागेत शिरलो. तिथं माणिकच्या हाताचं नाव झालं. वेलीची काडी नुसती बघून कुठल्या डोळ्यातून घड निघणार, ते तो सांगायचा. मला छाटणी त्यानंच शिकवली. “आदी डोळा बघ बे, कात्री मागून,” असं म्हणायचा. तिथल्याच बागायतदाराच्या ओळखीतून इटलीत माणसं हवीत असं कळलं. एसटी हलली तेव्हा माझे वडील, आबा, खिडकीचा गज धरून चालत म्हणाले, “माणिकला अंतर देऊ नको. भोळा हाय त्यो.”

शेजारून माणिक म्हणाला, “आबा, ह्यालाच म्या संबाळतो. तुमी घोर करू नका.”

आम्ही ज्या गावात पोचलो त्याचं नाव सोआवे. टेकडीवर किल्ला, आणि खाली नजर जाईल तिथवर द्राक्षं. माणिकनं उतरल्या उतरल्या एक दगड उचलला. काळा, जड, ज्वालामुखीतून आलेला. “आरं, ह्यो तर आपलाच दगड! इतं बी खडीच फोडायची का काय?” वेलीही आपल्यासारख्याच मांडवावर चढवलेल्या. द्राक्षाचं नाव गारगानेगा. माणिकच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. तो सरळ गंगूबाई म्हणायचा, आणि वर्षभरात आमचे मालक बेपी यांच्या घरातही तेच नाव रुळलं.

त्या द्राक्षाची वाईन पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला वाटलं, यात साखर घालायची राहिली. रंग वाळलेल्या कडब्याचा, वास कसल्याशा पांढऱ्या फुलाचा, गोडी अजिबात नाही आणि घोट गिळल्यावर कडू बदाम चावल्यासारखी चव. बेपींच्या आई पोट धरून हसल्या. गोडी सगळी पिंपात आंबून जाते, मागं उरते ती जमिनीची चव, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. तीन वर्षांनी ती चव मला आवडायला लागली. त्या आजींना आमचा मिरचीचा ठेचा पहिल्याच दिवशी आवडला. मक्याच्या पिठाच्या भाकरीवर घालून त्या खायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि पुन्हा मागायच्या.

खरी मौज होती सोसायटीत. गावातले बहुतेक शेतकरी सभासद. प्रत्येकाची चार-पाच एकर बाग आणि वाईन सगळ्यांची मिळून एका कारखान्यात. तोडणीच्या दिवसांत फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग. काट्यावर ट्रॉली चढली, की द्राक्षातली साखर मोजायची आणि आकडा ऐकून शेतकरी भांडायला उभा. माणिक खूश. “आपल्या साकर कारखान्यात उताऱ्यावरून आसंच व्हतं बे! फकस्त इतं बैल न्हाईत.” चेअरमनची निवडणूक लागली तेव्हा तर आम्हाला घरीच आल्यासारखं वाटलं.

आता तो दिवस. पहिल्या हिवाळ्यात आम्ही बेपींच्या हाताखाली छाटणी केली. मग एप्रिल आला आणि माझे हात शिवशिवायला लागले. आपल्याकडे द्राक्ष वर्षातून दोनदा छाटतात, आणि घड उतरवून झाल्यावरची एप्रिलची खरड छाटणी चुकली तर बाग हातची गेली. मी तसं म्हटल्यावर माणिक म्हणाला, “आजून घड कुटं धरलेत? मालकाला इच्यार आदी.” दुसऱ्या दिवशी तो कागदपत्रांवर शिक्का घ्यायला शहरात गेला, बेपी सोसायटीच्या बैठकीला. आपली हुशारी दाखवावी म्हणून मी कात्री घेतली. दुपारपर्यंत दोन रांगा बुडापर्यंत खरडून काढल्या. इटलीत छाटणी एकदाच, हिवाळ्यात होते. मी कापलेल्या प्रत्येक कोवळ्या फुटीत त्या वर्षाचा घड होता.

बेपी आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. त्यांनी विचारलं, “कुणी?” मला वाटलं, आता घरी पाठवणार. मी म्हणालो, “माणिकनं, सकाळी जाण्याआधी.”

संध्याकाळी माणिक आला तेव्हा बेपी त्याच्यावर ओरडले. त्याला भाषा येत नव्हती, मला थोडी येत होती. “काय म्हनतोय?” त्यानं विचारलं.

“उद्यापासून तू कारखान्यात टाक्या धुवायच्या.”

“कावून?”

“तिथं माणूस कमी हाय.”

“बरंय की. सावलीतलं काम!” तो हसला.

अकरा वर्षं त्यानं टाक्या धुतल्या. स्टीलच्या रिकाम्या टाकीत उतरून गावाकडच्या बैलांना हाका मारायचा, “हुर्र्र सर्ज्या, हुर्र्र पाखऱ्या!” त्याचा असा आवाज घुमायचा, की ट्रॅक्टरवाले रांग सोडून ऐकायला यायचे. साऱ्या सोसायटीचा तो लाडका होता. कात्री मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही; बेपींनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि माणिकला तिथली भाषा कधी नीट आली नाही. मी मुख्य छाटणीवाला झालो. त्याच्याकडून शिकलेलं सगळं मी इटालियन पोरांना शिकवलं, माझं म्हणून.

पुढं तो तलवाड्याला परतला. मी सोआवेतच राहिलो, मुलंबाळं इथलीच झाली. गेल्या फेब्रुवारीत त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं अर्धा एकर द्राक्ष लावलंय, आणि घड असे की बघत राहावं. मी नेलेली बाटली त्यानं उघडली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. वहिनी म्हणाल्या, “एवढ्या लांबून आणलं, गोड तरी आणायचं भाऊजी!” आम्ही खूप हसलो. मग तो सहज म्हणाला, “एक कळलं न्हाई बे मला. तिकडं कात्री कावून दिली न्हाई मला? माझा हात वंगाळ व्हता का?”

मी वाक्य तयार करून गेलो होतो. विमानात पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “तुझा हात चांगलाच होता.” त्यानं मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नाही, ते मला दिसलं.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं? सोआवेत माझी बाग आहे, नातवंडं आहेत, मी आनंदात आहे. पण ज्या अंगणात मला खरं बोलता येत नाही, तिथं मी अजून पाहुणाच आहे. तलवाड्याला मला घरच्यासारखं जायचंय. बेपी आता नाहीत; त्यांच्या मुलीला मी मागच्या आठवड्यात सगळं सांगितलं. हे लिहिलेलं वहिनींनी माणिकला मोठ्यानं वाचून दाखवावं, त्याला ऐकू कमी येतं.

माणिक, त्या दोन रांगा मी छाटल्या आणि नाव तुझं सांगितलं. तुझ्या हातात काही खोट नव्हती. मला माफ कर.