आधी खिळा, मग मीटर

"आधी खिळा, मग मीटर," असं म्हणत आमच्या शास्त्रज्ञ बाई मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि न विचारता माझ्या शर्टाच्या खिशात टाकायच्या. "वाकताना खिशावर हात धरा. चुंबकावर पडलं तर माझी वेळ तिथेच थांबेल." मंडळी, अकरा वर्षांत तो खिसा इतका ताणला गेला की आता त्यात दोन दशहरी आंबे सहज मावतील. तीनही मावतील, पण मी मोजून बोलतो.

खिळा साधाच, लोखंडी, दोऱ्याला टांगलेला. लखनौच्या आमच्या प्रयोगशाळेत काचेवर धातूचा मुलामा चढवणारं एक यंत्र आहे. हवा उपसून काढलेला डबा, त्यात चिमूटभर आर्गॉन वायू, एक तांब्याची थाळी आणि थाळीमागे चुंबकांचं कडं. वीज दिली की थाळीवर प्लाझ्माची झगझगीत बांगडी पेटते. तिला जागेवर धरून ठेवतात ती चुंबकं. हे यंत्र बाईंनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी जुळवलेलं.

मी तिथे वायुदलातून निवृत्त होऊन मेकॅनिक म्हणून आलो. पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं, एकदा वादळात मी अख्खं रडार जेवणाच्या चमच्याने दुरुस्त केलं होतं. आठवड्याने तीच गोष्ट रंगात येऊन पुन्हा सांगितली.

"मागे चमचा होता, सार्जंटसाहेब. आज झारा झाला. लिहून ठेवत जा."

ती बांगडी डोळ्याला स्थिर दिसते. स्थिर कसली! तिच्यात प्रकाशाचे पुंजके पळत असतात, हजरतगंजच्या चौकातल्या ई-रिक्षांसारखे. फरक एवढाच की हे सगळे एकाच दिशेने जातात. सेकंदाला हजारो फेऱ्या, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

"पुंजके हा रोग नव्हे, स्वभाव आहे," बाई म्हणायच्या. "चुंबक जसं धरेल, तसे ते पळणार."

बाईंच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना यंत्र बिघडलं. बांगडी फडफडायची, मध्येच विझायची. मुलामा एका बाजूला साय, दुसऱ्या बाजूला निव्वळ पाणी. नव्याने आलेल्या साहेबांनी पडद्यावर विजेच्या लाटा पाहिल्या आणि निकाल दिला.

"मैडम, पॉवर सप्लाई गई. मशीन भी पुरानी है. शुक्रवार को कमेटी है, राइट-ऑफ कर देते हैं."

"शुक्रवार तक है न, सर?" बाई म्हणाल्या. "तो शुक्रवार तक मेरी है."

तो मंगळवार होता. माझ्या खिशात घड्याळ आलं, थाळी उतरली, आणि बाईंनी दोरा हातात घेऊन खिळा कड्यावरून हळूहळू फिरवला. प्रत्येक चुंबकापाशी तो झटका देऊन ओढला जायचा. सातव्यापाशी मात्र तो नुसता लोंबकळला, बायकोसमोर मी उभा राहतो तसा. मग चुंबकाची ताकद मोजणारा मीटर लावला. चुंबक मेलेलं होतं.

"उष्णतेनं मेलंय," बाई म्हणाल्या. "पुंजका दर फेरीला इथे अडखळतो. पण चुंबकं गार ठेवणारं पाणी अडलं की यंत्र आपोआप बंद पडायला हवं. पडलं का नाही?"

मला ठाऊक होतं. आपल्या इथलं पाणी इतकं खारं की नळीत क्षार साचून ती बंद होते. पाणी कमी झालं की यंत्र बंद करणारं बटण दिवसाला दहादा पडायचं. कामं खोळंबायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी त्या बटणाला वायरचा तुकडा जोडून त्याचं तोंड बंद केलं होतं. नळी साफ करणं उद्यावर टाकलं, आणि तो उद्या काही आला नाही.

माझ्याकडे सारवासारवीच्या तीन गोष्टी तयार होत्या. एकीत तर माकडही होतं. बाई बघत राहिल्या आणि तिन्ही घशात विरघळल्या.

"बाई, वायर मीच जोडली."

"एवढंच? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मग हसू पुसून म्हणाल्या, "लॉगबुकात लिहा. बोललात तसंच. माकड घालू नका."

माकडाचं त्यांना कसं कळलं, देव जाणे.

बुधवार नळ्या खरवडण्यात गेला. गुरुवारी बाईंनी जुन्या मोडीतलं एक चुंबक शोधून बसवलं. ते बसताना माझं बोट असं चिमटलं की हातभर लांब झालं. शुक्रवारी कमिटी आली. बांगडी शांत तेवत होती, पण साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. "लहरें तो अब भी हैं."

"रहेंगी, सर. हिचकी गई, चाल रहेगी." बाईंनी त्यांच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली, मागचा स्क्रू फिरवून चुंबकं थाळीपासून जराशी दूर सरकवली. पडद्यावरच्या लाटांची चाल बदलली. "अब चिट्ठी खोलिए." चुंबकं सरकली की पुंजक्यांची चाल किती होईल, ते बाईंनी त्यात आधीच लिहून ठेवलं होतं. जे पडद्यावर, तेच चिठ्ठीत. "पॉवर सप्लाई को किसी ने छुआ?"

कुणी हात लावला नव्हता. साहेब लॉगबुक चाळत माझ्या पानावर थांबले. "ये किसने लिखा?" मी हात वर केला. आयुष्यात एवढा जड हात मी कधी उचलला नव्हता. विमानाचं इंजिन उचललं होतं तेव्हासुद्धा नाही.

"मशीन चलेगी," वही मिटून ते म्हणाले. "और पाइप आप साफ़ करेंगे. हर महीने."

बाई आता बहिणीकडे सांगलीला असतात. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या खिशातून घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं आणि खिळा माझ्या हातात ठेवला.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी नळ्या धुतो, थाळी उतरवतो, दोरा सोडतो. खिळा जिथे जसा ओढला गेला, तसंच लिहितो. त्या वहीत अजून एकही माकड शिरलेलं नाही. आणि कड्यावर वाकताना डावा हात आपोआप वर जातो, रिकाम्या खिशावर घट्ट बसतो.