चौदा औटे एकोणपन्नास

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. माझ्या फजित्या ऐकायच्या असतील तर कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर सकाळी फिरायला या — तिथल्या बाकावर बसून मी रोज एक सांगतो. पिरियापट्टणला एका लग्नात पोटभर जेवून, आहेराचं पाकीट देऊन, फोटोत उभा राहून मग कळलं की नवरा-नवरी दोघंही आपले कुणी लागत नाहीत — ही गोष्ट तर लोक मागून घेतात. मीही सांगतो, दर वेळी थोडं मीठमसाला वाढवून. पण ही एक गोष्ट... ही सांगायला गेलो की मी दुसरीच सांगून मोकळा होतो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

मी गणिताचा मास्तर. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी हिनकलला भाजी घ्यायला गेलो की अजून कुणीतरी ‘लेक्कद मेष्ट्रू’ म्हणून नमस्कार करतं — म्हणजे हिशेबाचे मास्तर. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कधीकाळी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेले, घरात मराठी, दारात कन्नड. अप्पा, म्हणजे आमचे वडील, कापड रंगवायचे. मी आणि अक्का त्यांच्या हाताखाली. अक्का माझ्याहून मोठी. ती रंगाच्या हंड्यात काठी फिरवायची आणि मी बाजूला बसून पाढे म्हणायचो. नुसते बे-तीनचे नाही हं — पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या पोरांना सांगितलं तर डोळे मोठे करतात. एक औट औट, बे औटे सात... अप्पांना तो पाढा फार आवडायचा. म्हणायचे, “पुट्टू, हा पाढा ज्याला येतो त्याला जगात कुणी फसवत नाही.”

बरोबरच होतं म्हणा. फसवलं ते मीच.

दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्या समाजातल्या वीसेक म्हाताऱ्यांची श्रीलंकेची सहल निघाली. अक्का म्हणाली, “पुट्टू येत असेल तर मी येते.” ती विधवा, मी विधुर, एकाच गल्लीत दोन घरं. गेलो. आणि तिथे गेल्यावर काय कळलं? त्यांचाही रुपयाच! फक्त आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीन. साडेतीन! म्हणजे औट! मला झालेला आनंद तुम्हाला कसा सांगू? इतकी वर्षं पेटीत ठेवलेला कोट अचानक अंगाला बसावा, तसं झालं.

बसमध्ये मी उभा राहून त्रैराशिकावर भाषण दिलं. साडेतीनाला एक, तर इतक्याला किती? सोपं. फोन काढायचा नाही, कुणी काढला तर माझ्या वर्गाबाहेर. रामचंद्रराव नावाचे एक रिटायर बँकवाले होते, ते प्रत्येक शहाळ्याचा भाव फोनमध्ये घालून इंटरनेटवर बघायचे. मी त्यांना सोडलं नाही. “रामचंद्रराव, उद्या तुमच्या फोनचं चार्जिंग संपलं तर उपाशी राहाल हो!” सगळी बस हसली. तेही हसले, पण त्यांच्या हसण्यात एक ‘बघून घेईन’ होतं. मला ते दिसलं होतं. मला ते अजून दिसतं.

आता मूळ मुद्द्यावर यायला हवं. येतोय. थोडा वेळ द्या.

कँडीच्या पुढे, डोंगरातल्या रस्त्यावर बाटिकचं एक दुकान लागलं. बाटिक म्हणजे कापडावर मेण लावून रंगवतात ते. बस थांबली. दुकानाची मालकीण मध्यमवयीन, बोटांच्या पेरांवर मेण चिकटलेलं. आतल्या भिंतीवर एक साडी टांगलेली होती, लाल. अक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हललीच नाही. मग पदर उलटा करून बघितला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. आमच्या घरात कापड असंच बघतात.

“पुट्टू,” ती म्हणाली, “अरे, हा अप्पाचा लाल.”

खरंच तो अप्पांचा लाल होता. विटेचा नाही, डाळिंबाचा नाही, मधला कुठलातरी. अप्पा गेले तेव्हा तो रंगही गेला. त्यांनी कुणाला शिकवला नाही, अक्कालासुद्धा नाही. अक्काने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. तिने मागितली ती ही साडी.

“विचार रे, किती म्हणते?”

मालकीण इंग्रजीत म्हणाली, चौदा हजार. अक्काला तेवढं इंग्रजी येत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले — आणि रामचंद्ररावांनी फोन काढला. त्यांचा अंगठा चालू झालेला मी बघितला. मला त्या अंगठ्याच्या आधी पोचायचं होतं. बस्स, एवढंच डोक्यात होतं. चौदा हा आकडा कानावर पडला आणि जीभ आपोआप पळाली, जशी साठ वर्षं पळत आलीय —

“चौदा औटे एकोणपन्नास! एकोणपन्नास हजार, अक्का.”

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या. रामचंद्ररावांच्या फोनला डोंगरात रेंज नव्हती. ते बिचारे हात वर करून दाराकडे चालले होते. आणि मी — मी मान तुकवून टाळ्या घेतल्या.

तुमच्या लक्षात आलंच असेल. भागायचं तिथे मी गुणलं. सातवीच्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

अक्काचा हात साडीवरून खाली आला. “अय्यो, नको रे बाबा. पन्नास हजार! साडी आहे का जमीन?” ती हसली. मालकिणीला वाटलं घासाघीस चाललीय. ती म्हणाली, बरं, बारा द्या. मी ते अक्काला सांगितलंसुद्धा नाही. चाळीसच्या वर काय आणि पन्नास काय, असं मनात म्हटलं.

इथपर्यंत चूक होती. माणूस चुकतो. इथपर्यंतच असतं तर ही गोष्टही मी तळ्याकाठच्या बाकावर सांगितली असती, मीठमसाला लावून.

बसमध्ये येऊन बसलो. कुणीतरी बाथरूमला गेलं होतं म्हणून बस उभीच होती. अक्का खिडकीशी. मी खुशीत होतो, म्हणून मनातल्या मनात पाढा म्हणत होतो. एक औट औट. बे औटे सात. तीन औटे साडेदहा. चार औटे चौदा.

चार औटे चौदा.

 चार हजार. साडी चार हजाराची होती. अक्का महिन्याला साड्यांना फॉल लावून तेवढे सहज मिळवते. बस उभी होती. दार उघडं होतं. दुकान रस्त्याच्या पलीकडे, आणि ती बाई काठीने साडी परत भिंतीवर चढवत होती. मला काय करायचं होतं? उठायचं आणि म्हणायचं, “थांबा हो, मी चुकलो.” तीन शब्द धरा, चार धरा.

माझ्या पुढच्या सीटवर रामचंद्रराव केळ्याचे चिप्स खात बसले होते. त्यांच्या टकलाकडे बघत मी बसून राहिलो. बाथरूमला गेलेला माणूस आला. बस सुटली.

तुम्ही म्हणाल, हॉटेलवर सांगायचं होतं. घरी येऊन सांगायचं होतं. हो ना! मीही रोज हेच म्हणत होतो — उद्या. पण अक्का घरोघर सांगत सुटली होती. “आमचा पुट्टू होता म्हणून बरं. नाहीतर मी म्हातारी फसलेच होते की!” देवराज मार्केटात फुलवालीला सांगितलं. सुनेला सांगितलं. रामचंद्ररावांच्या बायकोला सांगितलं. ती सांगायची आणि मी शेजारी उभा राहून पिशवी सावरायचो. त्या दिवसांत कुठेही फोनवर हिशेब करणारा माणूस दिसला की मी तिथून काढता पाय घ्यायचो. कुणी लंकेला जाऊन आलं असं ऐकलं की मी गल्ली बदलायचो. रात्रीचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी पित्त सांगितलं.

आणि मग गेल्या वर्षी अक्काची नात मेघना ऑफिसच्या कामासाठी कोलंबोला निघाली. दोन दिवस जास्त राहून कँडीही बघणार होती.

अक्काने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी. “पुट्टू, चल माझ्याबरोबर अशोका रोडला.” मला वाटलं काही घ्यायचं असेल. रिक्षात बसल्यावर तिने पदराआडून डावा हात पुढे केला. तिच्या हातात आईच्या पाटल्या असतात, दोन. “एक मोडते,” ती म्हणाली. “दोन्ही घालून आता कुठे मिरवायचंय? ती साडी आणू दे पोरीला. अप्पाचा लाल एकदा अंगावर घेते आणि मग साकु.” साकु म्हणजे बस्स, पुरे.

आता तरी? आता तरी तोंड उघडायला काय हरकत होती? रिक्षात आम्ही दोघंच होतो. रामचंद्रराव नव्हते, टाळ्या नव्हत्या. सराफाच्या दुकानात गादीवर बसलो. साबणाच्या पाण्याने पाटली काढताना तिच्या हाताची सालटी निघाली. मीच रुमाल दिला. सराफाने पाटली काट्यावर ठेवली, आकडा सांगितला, आणि अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ रे, हिशेब बरोबर आहे ना?”

मी कागदावर आकडेमोड करून बघितली. एकदा नाही, दोनदा. आणि म्हणालो, “बरोबर आहे.”

मेघनाने कँडीहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी अक्काच्याच घरी होतो. पळून जावंसं वाटत होतं, पण मी तिथे नसतो तर तिने मला बोलावूनच घेतलं असतं. फोनच्या चौकटीत तेच दुकान. तीच बाई, मेघनाच्या खांद्यामागे, हात जोडून हसत. लाल साडी नव्हती, पण त्याच लालाचं दुसरं कापड तिने उलगडून धरलं होतं.

“अज्जी! अगं, पंधरा हजार म्हणतायत. म्हणजे आपले चार हजार आणि थोडे. तू पन्नास काय सांगत होतीस?”

अक्काने फोन माझ्याकडे फिरवला. मग मेघनाने — मुलगी हुशार आहे, इंजिनिअर आहे — विचारलं, “पुट्टूअज्जा, तेव्हा किती म्हणाल्या होत्या त्या? त्यांच्या पैशात?”

आता सांगतो ते ऐका. याच्यासाठीच एवढं फिरून आलो. गुणाकाराची ती चूक नव्हे, बसमध्ये बसून राहिलो तेही नव्हे.

मी मनात औटकी म्हटली. एकोणपन्नास औटे... खोटं बोलायचं तर आकडा जुळायला हवा ना? आणि या वेळी जीभ घसरली नाही, हिशेब अगदी चोख झाला.

“एक लाख सत्तर हजारांच्या वर,” मी म्हणालो. “माझ्या अजून लक्षात आहे.”

 मेघनाने मागे वळून त्या बाईकडे बघितलं. बाई हसतच होती, तिला मराठी कुठून कळणार?

अक्काचा चेहरा मात्र बदलला. अप्पांनी आयुष्यभर एकच भाव सांगितला. गिऱ्हाईक गावचं असो नाहीतर राजवाड्यातलं. त्यावरून आमच्या घरात भांडणं झाली, अप्पा उपाशी राहिले, पण दुसरा भाव कधी सांगितला नाही. अक्का त्यांची मुलगी.

“म्हातारी माणसं बघून एवढा भाव सांगितला तिने? चोरटी!” ती म्हणाली. “मेघू, सोड ते कापड. चाराचं असू दे नाहीतर फुकटचं. असल्या हातातला लाल अप्पाचा नव्हे.”

“अज्जी, पण तुला हवा होता ना —”

“सुम्ने इर ग. नको म्हटलं ना.” गप्प बस, असा अर्थ. अक्का कन्नडवर गेली की विषय संपतो.

चौकटीत मला दिसलं — मेघनाने मान हलवली, आणि ती बाई हसतच, काही न समजून, कापडाची घडी घालायला लागली. ओळीने, नीट, कडेला कड जुळवून.

पाटलीचे पैसे बँकेत पडून आहेत. अक्काने त्यांना हात लावलेला नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे कॉफीला जातो. आजही जाऊन आलो. ती पातेल्यातून पेल्यात, पेल्यातून पातेल्यात कॉफी वर-खाली करते, तेव्हा पूर्वी आवाज यायचा. लहानपणी आईच्या हातातून यायचा, नंतर तिच्या. दोन पाटल्या एकमेकींवर आपटायच्या.

एक पाटली वाजत नाही. ती पुढे सरकते, मागे सरकते, आणि मी पेला हातात घेतो.

“कालच त्या फुलवालीला सांगत होते,” आज अक्का म्हणाली, “ती लंकेची चोरटी आठवते ना रे तुला?”

मी म्हणालो, हो. आठवते.