पत्रकाखालचा पत्ता

आमच्या घरी पत्रक ही रोजचीच गोष्ट होती. नागपुरात बाबा वस्तीच्या प्रश्नांवर पत्रकं काढत आणि प्रत्येकाच्या तळाशी आपलं नाव आणि घराचा पूर्ण पत्ता छापत. ज्याला भांडायचंय त्याला दार सापडलं पाहिजे, असं ते म्हणत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे अमेरिकेत पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा तळाशी पत्ता टाकताना माझा हात अडखळला नाही.

पत्ता मावशींच्या घराचा होता. माझी नोकरी वेस्ट विंडसरच्या एका लॅबमध्ये आहे. तिथलं भाडं परवडत नाही, म्हणून मी जवळच्या एका जुन्या कारखान्यांच्या शहरात, एका इटालियन विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. मी त्यांना मावशी म्हणते. अर्थ कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे आता तुला ओरडायचा हक्क मिळाला मला."

त्या शहरात एका कुटुंबाचं नाव कुणी घेत नाही. नुसतं 'ते लोक' म्हणतात. एके काळी कचऱ्याचे ट्रक त्यांचे होते, ड्रायव्हरांची युनियन त्यांच्या खिशात होती आणि नाताळात चर्चला सगळ्यात मोठी देणगीही त्यांचीच असे. मावशींचे यजमान ट्रक चालवायचे. युनियनच्या एका सभेत ते उठले आणि म्हणाले, मतदान हात वर करून नको, चिठ्ठ्या टाकून घ्या. घरी येताना दोघांनी त्यांना गाठून त्यांचा जबडा मोडला. ते दोघे त्यांच्यामागून निघाले हे भरल्या सभागृहानं पाहिलं होतं, पण साक्षीला कुणी आलं नाही. हे सांगताना मावशी टोमॅटो चिरत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लिही तू. माझ्यानंतर कोण सांगणार?"

यंदा नव्या बागेला त्याच कुटुंबातल्या, आता हयात नसलेल्या थोरल्याचं नाव द्यायचा ठराव नगरपालिकेपुढे आला. दानशूर म्हणून. माझं डोकं भडकलं. मावशींच्या यजमानांची हकीकत एका दमात पत्रकात लिहून मी ते कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात दिलं. आमच्याकडे छापखानेवाला आपलाच माणूस असतो, पत्रकापायी आधी पोलीस त्याच्याकडे जातात. इथला दुकानदार कुणाचा माणूस आहे, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात थोरल्याचा पुतण्या उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात बेकरीचा पांढरा खोका. मावशींनी बस म्हटलं नाही, तरी तो बसला. माझ्या पत्रकाची प्रत त्यानं टेबलावर पसरली.

"छान लिहिलंयस. शाळेत शिकवतात का हे तुमच्याकडे?"

"घरी शिकवतात."

तो हसला. मग तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे वाचून मात्र वाईट वाटलं. लाकडी घर, वायरिंग जुनं. आणि आंटी खाली एकट्याच झोपतात." माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तू व्हिसावर आहेस ना?"

मावशींनी खोका त्याच्याकडे सरकवला.

"माझ्या नवऱ्याचा जबडा मोडला तेव्हा तुझे काकाही असाच खोका घेऊन आले होते. तो तेव्हा नळीनं सूप पीत होता. घेऊन जा."

तो उठला. "विचार करा, आंटी," इतकंच म्हणाला आणि खोका घेऊन गेला.

मावशींनी कडी लावली आणि माझ्याकडे वळल्या. "पत्ता काढ."

"आणि निनावी कागद वाटू? भिंतीवर शिवी लिहिल्यासारखा? कोण मानेल तो?"

"तुझे बाबा स्वतःच्या घराचा पत्ता घालायचे. हे घर माझं आहे."

मी वर जाऊन वेस्ट विंडसरच्या, ओळखीतल्या एका मराठी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, बाग त्यांची, गाव त्यांचं, तुझं काय जातंय? ग्रीन कार्डचं बघ. कॅन्सल कर सगळं." मी फोन ठेवला आणि पत्ता खोडला. बाबांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारल्यासारखं वाटलं.

सकाळी मावशी जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी येत नाहीत. "नगरपालिकेची सभा कधी आहे?" त्यांनी विचारलं. "पत्रकं मी वाटणार. ज्याला विचारायचंय तो मला विचारेल."

"आणि घर?"

"घर कुठे आहे ते त्यांना माहीत आहेच. बाकीच्यांना मी दिसले पाहिजे."

पत्रकं मी दुसऱ्या गावातून छापून आणली. सभेच्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर मावशी चर्चला जायचा कोट घालून उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडे पुतण्या गाडीत बसून होता. काच खाली केलेली. लोक पत्रक घेत, गाडीकडे बघत आणि घडी न घालताच खिशात कोंबत. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्यानं हात मागे घेतला.

"युनियनच्या त्या सभेत तू दुसऱ्या रांगेत होतास," मावशी त्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

म्हातारा गाडीकडे बघत राहिला. मग त्यानं काठी कठड्याला टेकवली, मावशींच्या हातातल्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रकं काढून घेतली आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.